दाराजवळची खुर्ची

अप्पा,

आत नाटक सुरू झालंय आणि मी बुकिंगच्या खोलीत बसून आहे, कारण आत बसायला जागा नाही. हे वाक्य लिहिताना हात जरा थांबला, खरं सांगते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत हे वाक्य मला एकदाही लिहिता आलं नसतं. कागद म्हणाल तर आजच्याच प्रयोगाचा, खुर्च्यांचे चौकोन आखलेला प्लॅन उलटा करून घेतलाय. पुढच्या बाजूला सगळे चौकोन लाल झालेत, आता त्याचा काही उपयोग नाही, आणि कोरा कागद वाया घालवलेला तुम्हाला कधी चालला नाही. भिंतीपलीकडून हशा ऐकू येतोय. दुपारचा प्रयोग, मध्यंतराला अजून तासभर आहे. तुम्ही माझे सासरे, एकाच घरात राहिलो, त्यामुळे पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. पण या खिडकीवर तुम्ही माझे मास्तर होतात, आणि मास्तरांना एक उत्तर द्यायचं राहिलंय.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा धंदा काय असतो हेच मला कळायचं नाही. मुंबईची नाटकं, पुण्याचे गाण्याचे कार्यक्रम नाशकात आणायचे, तारीख धरायची, जाहिरात द्यायची, तिकिटं विकायची आणि रविवारी खुर्च्या भरून दाखवायच्या. तुमच्या मुलाला यात काडीचा रस नव्हता, तो कचेरीतून आला की पाय पसरून पेपर वाचायचा. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि प्लॅनवरचे आकडे एकमेकांत मिसळायला लागले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी वाटाणे सोलत होते. तुम्ही ताट ओढून घेतलंत आणि वाटाण्यांच्या रांगा लावायला लागलात. "हे बघ सूनबाई, ही पहिली रांग, ही दुसरी. चौघांचं कुटुंब आलं. कुठे बसवशील?" मी मधोमध बसवलं. तुम्ही कपाळाला हात लावलात. "अगं, डाव्या बाजूला एकच वाटाणा उरला ना! एकटी खुर्ची म्हणजे मेलेली खुर्ची. नाटकाला एकटं कोण येतं?" मग दुसरं कुटुंब, मग म्हाताऱ्या जोडप्याला कडेची जागा, कारण त्यांना मध्येच उठावं लागतं, मग सहा मैत्रिणी, ज्यांना एकाच रांगेत बसायचंय पण एकीशी दुसरीचं बोलणं बंद आहे. सासूबाई बाहेरून ओरडत होत्या, भाजी आज होणार की उद्या? त्या दिवशी भाजी झालीच नाही, पिठल्यावर भागवलं, पण मी प्लॅन भरायला शिकले.

विकली गेलेली जागा लाल पेन्सिलीने, फोनवर सांगून ठेवलेली निळ्याने, आणि पांढरा चौकोन म्हणजे अजून आपलं काम बाकी. एवढं एकदा डोक्यात बसलं की मला दुसरं काही सुचेना. रस्त्यात कुणी भेटलं की मी मनातल्या मनात त्याला रांग द्यायची. तुम्ही हसायचात, म्हणायचात, हिला लागण झाली.

आणि मग ती पाटी. लाकडी, काळी, वर पांढऱ्या अक्षरांत हाउसफुल्ल. जुन्या धोतरात गुंडाळून खोलीतल्या कपाटात ठेवलेली, आणि किल्ली तुमच्या जानव्याला. शेवटचं तिकीट गेलं की तुम्ही स्वतः ती बाहेर न्यायचात, फाटकाशेजारच्या हुकाला अडकवायचात, फूलबाजारातून आणलेला शेवंतीचा हार घालायचात आणि दोन पावलं मागे येऊन बघायचात. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची तुमची. तिचंही तिकीट तुम्ही स्वतः फाडायचात, स्वतः लाल करायचात. "धंदेवाल्याने फुकट बसलं की त्याला रिकाम्या खुर्च्या दिसेनाशा होतात," असं तुमचं म्हणणं. तिथे बसून तुम्ही नाटक कमी आणि लोकांची डोकी जास्त बघायचात.

तो रविवार तुम्हाला आठवत असणारच. विनोदी नाटक, टीव्हीवर गाजलेला नट, आणि पहिल्यांदाच संपूर्ण प्लॅन मी एकटीने भरलेला. नाटक कंपनीची गाडी घाटात अडकली म्हणून तुम्ही त्यांना आणायला पुढे गेलात आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेलात, कपाटात पावतीपुस्तकं होती म्हणून. प्रयोगाला तासभर होता. प्लॅनवर बावीस चौकोन पांढरे होते. मी ती पाटी काढली, पुसली, बाहेर नेली आणि लावली. हार नव्हता, तेवढी तरी लाज ठेवली मी.

तुम्ही गाडीतून उतरलात, पाटी बघितलीत, सरळ आत आलात आणि प्लॅन डोळ्यांजवळ धरलात. "किती?"

"बावीस."

"मग बाहेर कुणाची पाटी लागलीय?"

मी म्हटलं, उद्या पुढच्या नाटकाचा प्लॅन उघडतोय, तिकीटविक्री सुरू होतेय, पाटी बघून लोक सकाळपासून रांग लावतील, सगळीकडे असंच करतात. तुम्ही काही बोलण्याआधी दारावरचे शिपाईकाका आत आले आणि चाचरत म्हणाले, अप्पासाहेब, देवळा गावाहून एक टेम्पो आला होता. अकरा माणसं. बायाबापड्या, पोरंटोरं, सगळी नटूनथटून. पाटी बघितली आणि आत्ताच परत गेली.

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. राग नव्हता हो त्यात, राग असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही कंपनीच्या माणसाला सांगितलंत, मी आल्याशिवाय तिसरी घंटा देऊ नका, आणि मला म्हणालात, "बस मागे." मी नव्या साडीत, तुम्हाला धड दिसत नाही, आणि आपण दोघं त्या खटारा स्कूटरवरून आग्रा रोडने निघालोय. मी मागून ओरडतेय, अप्पा, उजवीकडे ट्रक, अप्पा, खड्डा! आडगाव नाक्याच्या पुढे उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी टेम्पो उभा दिसला. माणसं खाली उतरून रस पीत होती. तुम्ही स्कूटर लावलीत आणि मला म्हणालात, "सांग त्यांना."

काय सांगू? मग कसंबसं म्हटलं, जागा आहेत, पाटी मी चुकीची लावली. त्यांच्यातली एक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कांद्याच्या व्यापाऱ्याची बायको, पुढे आली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "पाटी तं लागेल शे ना वो बाई, आता जागा कथाईन उनी?" पाटी तर लागलेली, मग आता जागा आली कुठून, एवढाच तिचा प्रश्न होता. तुम्ही हात जोडलेत. "जागा होतीच, माय. आमचं चुकलं. तुम्ही बसल्याशिवाय पडदा उघडणार नाही, चला." पुढाऱ्यासाठी कधी दोन मिनिटं थांबला नव्हतात तुम्ही! आणि त्या दिवशी प्रयोग पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. लोक टाळ्या वाजवून खिल्ली उडवत होते, शिट्ट्या मारत होते. तुम्ही घामेजलेल्या सदऱ्यात स्टेजवर गेलात आणि म्हणालात, "आमच्याकडून खोटी पाटी लागली. माणसं परत निघाली होती, त्यांना आणायला गेलो होतो." आमच्याकडून म्हणालात. मी दाराआड उभी राहून ढसाढसा रडले.

घरी आल्यावर तुम्ही एवढंच बोललात की पाटी म्हणजे जाहिरात नव्हे, तो लांबून आलेल्या माणसाला दिलेला निरोप असतो की बाबा, जागा नाही, परत जा. तो खोटा देता येत नाही. मग आठ दिवस माझ्याशी अवाक्षर नाही. चहा ठेवला तर प्यायचात, पण कप खाली ठेवताना वर बघायचा नाहीत. नवव्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी उभी असताना तुम्ही जानव्याची किल्ली सोडलीत आणि पोळपाटावर ठेवलीत. "यापुढे पाटी तू लावायची. तुझ्या हातून आता खोटी लागणार नाही." मला वाटलं होतं खिडकी काढून घ्याल. मी ती किल्ली पिठाच्याच हाताने उचलली. अजून तिच्या खाचेत पीठ आहे असं मला उगाच वाटतं.

तुमच्यानंतर तीनचार वर्षं बरी गेली. मग काय झालं ते तुम्ही बघितलं नाहीत तेच बरं. घरोघरी संध्याकाळच्या मालिका, गावात चकचकीत पडद्यांची थिएटरं, आणि नाटक म्हटलं की पोरं तोंड वाकडं करतात. मी हटले नाही. गाण्याच्या मैफली घेतल्या, बालनाट्यं घेतली, शाळाशाळांतून फिरले. चारपाच वेळा सगळा प्लॅन भरलासुद्धा. पण तुमची दाराजवळची खुर्ची मी एकदाही विकली नाही. स्वतःही बसले नाही. लोक म्हणायचे, अहो, पाटी लावा की आता! मी म्हणायचे, एक जागा बाकी आहे अजून. त्यांना वाटायचं, काय ही बाई, सासऱ्याच्या वरताण निघाली. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

या वेळी मात्र गळ्याशी आलं होतं. कंपनीच्या नव्या मॅनेजरचा दोन आठवड्यांपूर्वी फोन आला. गोड बोलणारा, दर वाक्याला वहिनी. "वहिनी, एक काम करा, रविवारी दुपारी बारालाच पाटी लावून टाका. आमचा माणूस फोटो काढेल, मुंबईच्या जाहिरातीत टाकायचाय. नाशिक हाउसफुल्ल!" मी विचारलं, आणि नसलं भरलं तर? तो हसला. "कोण मोजतंय? आमच्याकडे तर प्लॅन उघडायच्या आधी पाटी लागते." मी नाही म्हटलं. तेव्हा आवाजातला गूळ संपला. पाटीचा फोटो नाही मिळाला तर पुढच्या मोसमातले सगळे प्रयोग दुसऱ्याला, त्यांच्याकडे एसी ऑफिस आहे, कम्प्युटर आहे. त्याच्या कंपनीची नाटकं गेली तर माझ्याकडे काय राहतं, तुम्हाला माहीत आहे. खिडकी बंदच करावी लागली असती. तेव्हा प्लॅनवर जेमतेम तिसरा हिस्सा लाल होता. मी त्याला म्हटलं, "पाटी लागेल. पण खरी लागेल. फोटोवाल्याला पाठवा." फोन ठेवला. बोलून तर बसले!

मग मी प्लॅनची गुंडाळी केली, तुमची फोन नंबरांची जुनी डायरी पिशवीत टाकली आणि एसटीने देवळा गाठलं. ती कुंकवाची बाई अजून आहे, अप्पा. केस पांढरे झालेत, गुडघे माझ्यासारखेच. मला बघून तिच्या नवऱ्याच्या दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "उनी, पाटीवाली उनी!" म्हणजे आली हो, पाटीवाली आली. दोन दिवस मी त्यांच्या दुकानात, बारदानाच्या थप्पीला टेकून, मांडीवर प्लॅन पसरून बसले. ती एकेका बाईला हाताला धरून आणायची आणि मला दम द्यायची, "हिले पुढली जागा दे, हिना कान कमी शे." तिथून सटाणा. तिथल्या शिक्षकांच्या पतपेढीत, दोन दवाखान्यांत, एका भजनी मंडळात. परत आल्यावर डायरीतल्या प्रत्येक नंबरावर फोन. अर्धे नंबर बंद, काही ठिकाणी माणूसच नाही राहिलेलं. मुलगा म्हणाला, आई, कशासाठी करतेस एवढं? मी म्हटलं, गप बस आणि पेन्सिलीला टोक करून दे.

आज सकाळी अकराला तिकिटांची शेवटची जोडी गेली. प्लॅनवर एकच पांढरा चौकोन राहिला, दाराजवळचा. फोटोवाला आला, पाठोपाठ मॅनेजर आला. चौकोन बघून त्याने कपाळावर आठ्या घातल्या. "ही का सोडलीय?" शिपाईकाकांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो परत आला तो मऊ होऊन. "वहिनी, ती सासऱ्यांची आहे ना? मग झालं की. ती काही रिकामी म्हणायची नाही. लावा पाटी." मला पटलं, अप्पा. मी कपाटाला किल्ली लावलीसुद्धा.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. तिशीची बाई, खांद्याला शबनम पिशवी, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. "एकच तिकीट हवंय. मी सुरगाण्याहून आलेय, आश्रमशाळेत शिकवते. सकाळच्या जीपने निघाले होते." मी सवयीने म्हटलं, जागा नाही. तोंडातून आपसूक आलं ते, अकरा वर्षं येत होतं तसं. ती लगेच गेली नाही. म्हणाली, "पोरांचं नाटक बसवायचंय हो गॅदरिंगला. आणि मी स्वतः एकही नाटक बघितलेलं नाही. पायरीवर बसले तर चालेल का?"

आणि माझ्या डोळ्यांसमोर तो टेम्पो उभा राहिला. आतल्या लोकांना मी म्हणत होते, एक जागा बाकी आहे. खिडकीवरच्या माणसाला म्हणत होते, जागा नाही. प्रत्येक भरलेल्या प्रयोगाला एकटंदुकटं कुणीतरी यायचंच, एकट्या बायका, म्हातारे, आणि मी त्यांना परत पाठवलं, तुमच्या नावाने. तुम्ही किल्ली देऊन सांगितलं होतंत की खोटी लागणार नाही. पाटी नाही लावली मी, पण निरोप खोटाच दिला, एकदा नाही, कितीदा तरी. आणि वर कौतुक करून घेतलं! मला स्वतःचा इतका संताप आला की मॅनेजर दोन पावलं मागे सरकला.

मी तिला म्हटलं, "पायरीवर कशाला? शेवटच्या रांगेत आहे एक, दाराजवळ. तिथून स्टेजच काय, सगळ्यांची डोकीही दिसतात. नाटक कसं लागतं ते डोक्यांवरून कळतं." तिकीट फाडलं. चौकोन लाल केला. रंग जरा बाहेर गेला. ती बाई पाठमोरी झाली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. हलकं वाटलं.

मग पाटी काढली. धोतराच्या घड्यांवर ती चिकटून बसली होती, ओढावी लागली. बाहेर नेली, हुकाला अडकवली, आणि या वेळी हार होता, शेवंतीचाच. फोटोवाल्याने फोटो काढला. मॅनेजरने पुढच्या मोसमाच्या चार तारखा तिथेच सांगितल्या. मी म्हटलं, लिहून द्या. दिल्या त्याने.

आता ते उत्तर. त्या रविवारी तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, धंद्यासाठी लावली. तुम्ही ते खरं धरलंत आणि शेवटपर्यंत तसंच समजून राहिलात. ते कारण मला तुम्ही प्लॅन डोळ्यांजवळ धरलात तेव्हा, त्या क्षणी सुचलं होतं. त्याआधी रांगबिंग काही माझ्या डोक्यात नव्हतं. सगळा प्लॅन पहिल्यांदा मी एकटीने भरला होता, बावीस राहिले होते, आणि तुम्ही गाडी घेऊन कुठल्याही क्षणी येणार होतात. फाटकातून आत येताना तुम्ही पाटी बघावी आणि मग माझ्याकडे बघावं, एवढ्यासाठी लावली होती मी ती. हे सांगायची तेव्हा लाज वाटली. आजही वाटतेच आहे.

आत आता मध्यंतराआधीचा मोठा हशा झाला, म्हणजे मला उठायला हवं. प्लॅन कपाटात ठेवते, पाटीच्या धोतरातच. आज हार घातला, दोन पावलं मागे आले आणि मान वळवून फाटकाकडे बघितलं, अगदी त्या रविवारी तुमची वाट बघत होते तशीच. फाटकात एक रिक्षावाला उभा होता. त्याने पाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भरलं का हो, मावशी?"

मी म्हटलं, "हो. पूर्ण."